गंज नेमका कुठे चढतो? स्केवेन सैन्यासाठी कळकट रंगसंगती

वॉरहॅमरच्या खेळातली स्केवेनची छोटी मॉडेल रंगवायला घेतली की बहुतेकांचा पहिला विचार एकच असतो. उंदीरमाणसं आहेत, भुयारात राहतात, म्हणजे सगळं तपकिरी करायचं आणि वरून गंज फासायचा. असे चाळीस क्लॅनरॅट, म्हणजे स्केवेनचे साधे शिपाई, टेबलावर मांडा आणि दोन हात लांब उभे राहा. चिखलाचा एक लांबट ढीग दिसेल. तोंड कुठलं, भाला कुठला, फाटकं कापड कुठलं, काही उमगत नाही. प्रत्येक मॉडेलवर अर्धा-पाऊण तास गेलेला असतो आणि जवळून बघितलं तर कामही नीट असतं. हाताचा यात काही दोष नसतो, रंग निवडतानाच गफलत झालेली असते.

२०२४ च्या जुलैत वॉरहॅमरच्या एज ऑफ सिग्मार या खेळाची चौथी आवृत्ती स्केवेनटाइड या पेटीसह आली, तेव्हापासून नव्या क्लॅनरॅटनी भरलेली टेबलं बरीच दिसायला लागली. मॉडेल सुंदर आहेत, बारकावे भरपूर आहेत, आणि त्यामुळेच ती चिखलात बुडतात तेव्हा जास्त वाईट वाटतं. म्हणून गंजाची कृती सांगण्याआधी रंगसंगतीबद्दल सविस्तर लिहितो आहे. कृती सोपी आहे.

गंज, चिखल, ओशटपणा, ॲग्रॅक्स अर्थशेडसारखा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), जुनं लाकूड, चामडं ही सगळी एकाच तपकिरी कुळातली मंडळी. एकावर एक चढली की खाली असलेला फरक पुसतात. तेव्हा कळकट सैन्यासाठी आधी हे ठरवायचं की तपकिरी काय *नसेल*. माझ्या हिशोबात केस, कातडी, कापड आणि एक झगझगीत रंग, या चार गोष्टी तपकिरीपासून लांब गेल्या पाहिजेत. धातूला मग हवा तेवढा गंज चढवा, तो उठून दिसतो.

केस करडे किंवा जवळजवळ काळे ठेवा. सिटाडेल या ब्रँडच्या रंगांत बोलायचं तर एशिन ग्रे खाली, वर डॉनस्टोनचा हलका ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासलेला रंग. (एशिन हे स्केवेनमधल्याच एका कुळाचं नाव आहे, आणि स्केवेनब्लाइट डिंज नावाचाही एक रंग येतो. तो करडा आहे खरा, पण तपकिरीकडे झुकतो. गंजाशेजारी तो टाळावा असं माझं मत आहे, नावाच्या मोहात पडू नये.) काही उंदीर तपकिरी हवेच असतील तर वीसमध्ये तीन-चार करा आणि त्यांच्या हातात गंज कमी द्या.

कातडी म्हणजे शेपटी, नाकाचा शेंडा, कान, हातपाय. ही फिकट गुलाबी हवी, नेहमीपेक्षा एक पायरी जास्तच फिकट. कॅडियन फ्लेशटोनवर रीकलँड फ्लेशशेड, वाळल्यावर किस्लेव्ह फ्लेश नाकावर, बोटांच्या पेरांवर आणि शेपटीच्या वरच्या बाजूला. लांबून उंदीर ओळखू येतो तो शेपटीमुळे आणि नाकामुळे. या दोन जागा उजळ राहिल्या तर बाकी कितीही मळवलं तरी मॉडेल वाचता येतं.

कापडावर मात्र लोक सर्वांत जास्त फसतात. लाल कापड स्केवेनवर शोभतं, पण विटकरी किंवा शेंदरी लाल गंजाशेजारी गेला की दोघंही मरतात, कारण दोन्ही एकाच बाजूचे उष्ण रंग. लाल हवाच असेल तर डाळिंबी घ्या, निळ्याकडे झुकणारा. पिवळा, मोहरी, खाकी तर नकोच. मला सर्वांत जास्त पटलेला पर्याय म्हणजे विटलेला निळसर करडा: द फँग, वर रस ग्रे, कडांना फेन्रिसियन ग्रे. नारिंगी गंजाला निळ्याशेजारी बसवलं की नारिंगीचं प्रमाण कमी असूनही तो जास्त दिसतो. म्हणजे गंज कमी लावून काम भागतं, आणि कमी गंज म्हणजे खालचं शिल्प झाकलं जात नाही.

या कापडावर ॲग्रॅक्स ओतू नका. सवयीने संपूर्ण मॉडेलवर एकच तपकिरी वॉश फिरवला जातो आणि दोन मिनिटांत निळ्याचा मातकट हिरवट होतो. कापडाला न्युल्न ऑइल हा काळा वॉश पाण्याऐवजी मिडियमने (रंग पातळ करायच्या बिनरंगी द्रवाने) निम्मा पातळ करून, तेही फक्त चुण्यांमध्ये. तपकिरी वॉश धातू, लाकूड आणि चामडं यांच्यापुरता.

झगझगीत रंग म्हणजे वॉर्पस्टोन या स्केवेनच्या जादूच्या दगडाचा हिरवा. तो तर या सैन्याला आयताच मिळालेला आहे. कॅलिबन ग्रीन, त्यावर वॉर्पस्टोन ग्लो, शेवटी मूट ग्रीन. साध्या क्लॅनरॅटवर एकच ठिपका पुरे, डोळा किंवा गळ्यातला खडा. शस्त्रं चालवणाऱ्या स्क्रायर कुळाच्या मॉडेलवर दोन-तीन जागा. हिरवा आणि नारिंगी थेट एकमेकांना टेकू देऊ नका, मधे काळसर धातूची एक रेघ ठेवा. टेकले की मधल्या ओल्या कडेवर शेवाळी तपकिरी तयार होतो आणि दोन्हींची धार जाते.

सगळं सैन्य रंगवण्याआधी तीन मॉडेल पूर्ण करा, वॉर्निशसकट. ती सुमारे एक मीटरवर ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि फोटो कृष्णधवल करा. कातडी, कापड आणि शस्त्राची धार या तीन गोष्टी करड्याच्या तीन वेगळ्या छटा दिसल्या पाहिजेत. सगळं एकाच करड्या छटेत आलं तर रंग बदला, गंज वाढवून काही होणार नाही.

गंज बघून घ्या

आता गंज. बाजारात गंजाच्या नावाने मिळणारा रंग उघडून थेट फासला की नारिंगी पट्टे दिसतात, गंज दिसत नाही. कारण खरा गंज एका रंगाचा नसतो. ताजा, पातळ गंज पिवळट नारिंगी असतो. जुना, थरावर थर साचलेला गंज गडद तपकिरी, कधी जांभळट काळा असतो. एकाच वस्तूवर दोन्ही असतात, पण सारख्या प्रमाणात नसतात. लहान मॉडेलसाठी मी धरतो ते प्रमाण असं: गंजलेल्या जागेचे दहा भाग केले तर सहा गडद तपकिरी, तीन मधला विटकरी तपकिरी, एक नारिंगी. नारिंगी दोन भागांवर गेला की लहान मापात गंज ज्वाळेसारखा दिसायला लागतो.

जागेचा नियमही आहे. पाणी जिथे थांबतं तिथे लोखंड गंजतं, आणि जिथे सतत घासलं जातं तिथे गंज टिकत नाही. घरातल्या जुन्या विळीकडे बघा. पात्याची धार रोज चालते म्हणून लखलखीत असते, धारेच्या मागचा भाग काळपट, आणि पातं जिथे लाकडी पाटात शिरतं त्या फटीत लालसर तांबेरा. उंदराच्या हातातल्या तलवारीला हेच लागू पडतं: धार उजळ, पात्याची सपाट बाजू काळपट आणि डागाळलेली, मुठीच्या सांध्यात आणि पात्यातल्या खाचेत खरा गंज. पावसाळ्यानंतर पत्र्याच्या छपराकडे नजर टाकली तर गंज खिळ्यांच्या भोकांपाशी आणि कापलेल्या कडांवर सुरू झालेला असतो, कारण तिथलं जस्ताचं पांघरूण गेलेलं असतं. चिलखताच्या पत्र्याला हा नियम लावा, रिव्हेटभोवती आणि तुटक्या कडांना.

ओघळांबद्दल एक गोष्ट नेहमी चुकते. गंजाचे खाली येणारे ओघळ एका जागी उभ्या असलेल्या वस्तूवर येतात: पिंजरा, यंत्र, गाड्याची चौकट, रंगवलेली ढाल. हातात फिरणाऱ्या तलवारीवर उभे ओघळ काढले तर खोटे वाटतात. तलवारीला डाग, खड्डे, ठिपके.

वीस उंदरांची कृती

क्लॅनरॅट वीसच्या युनिटमध्ये येतात आणि युनिट वाढवलं की चाळीस होतात, म्हणून ही कृती भराभर होणारी आहे. धातूचा भाग लेडबेल्चर या धातुरंगाने रंगवा, एकच पातळ थर, अधेमधे काळं राहिलं तरी चालेल. त्यावर सगळीकडे न्युल्न ऑइल. पुष्कळ जण इथे ॲग्रॅक्स वापरतात. मी नाही, कारण आधी थंड काळपट लोखंड हवं, म्हणजे पुढचा उष्ण गंज वेगळा दिसेल. वॉश पूर्ण वाळू द्या. उन्हाळ्यात अर्धा तास पुरतो, पावसाळ्यात तास-दीड तास धरा. अर्धवट वाळलेल्या वॉशला ब्रश लावू नका. कडेला वाळलेली साय उचलली जाते आणि चहाच्या कपाखाली उमटतं तसं कडं राहतं. सपाट ढालीवर वॉशचं तळं दिसलं तर ते पहिल्या मिनिटभरात, ओल्या पण निथळलेल्या ब्रशने टिपून घ्या. नंतर सोडून द्या, वाळू द्या आणि वर पुन्हा लेडबेल्चर लावा.

पुढे स्पंज. मॉडेलच्या पेटीत किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या खोक्यात येणारा काळा-करडा फोम उत्तम. भांडी घासायच्या स्पंजची भोकं या मापाला मोठी पडतात आणि मेकअपचा स्पंज इतका बारीक असतो की ठसा सपाट उमटतो. शेंगदाण्याएवढा तुकडा *फाडून* घ्या, कात्रीने कापू नका, कापलेली कड सरळ रेघ उठवते. चिमट्यात धरा, ऱ्हायनॉक्स हाइड या गडद तपकिरीत टेकवा, जुन्या पुठ्ठ्यावर पाच-सहा वेळा टिपून बहुतेक रंग काढून टाका, मग मुठीच्या सांध्याकडून पात्याच्या टोकाकडे विरळ होत जाईल असे ठिपके द्या. धारेपासून एक मिलिमीटर लांब राहा. प्रत्येक दोन-तीन मॉडेलनंतर स्पंज फिरवा, नाहीतर एकच ठसा सगळ्या रांगेत दिसतो, आणि माणसाचा डोळा पुनरावृत्ती फार लवकर पकडतो.

गडद ठिपक्यांवर स्क्रॅग ब्राऊन. एक भाग रंग, दोन भाग मॅट मिडियम, एक भाग पाणी. नुसतं पाणी घालून इतका पातळ केला तर रंगाचे कण एकत्र धरून ठेवणारा डिंक विरतो आणि वाळल्यावर कण कडेला गोळा होतात. ही छटा गडद ठिपक्यांच्या *आत* आणि जरा बाहेर अशी दोन्हीकडे सांडू द्या, बाहेरचा पातळ भाग म्हणजे लोखंडाला लागलेला डाग. शेवटी ट्रोल स्लेयर ऑरेंज तसाच पातळ करून फक्त फटीच्या तोंडाशी, रिव्हेटच्या खालच्या बाजूला, एका शस्त्रावर दोन किंवा तीन ठिपके.

टायफस करोजन आणि रायझा रस्ट ही सिटाडेलची तयार जोडी याहून झटपट काम करते आणि सैनिकांच्या मागच्या रांगांना ती पुरेशी आहे. टायफस करोजनमध्ये बारीक रवाळ कण असतात, ते तळाशी बसतात. डबी नुसती हलवून भागत नाही, काडीने तळापासून ढवळा. चांगला ब्रश त्यात बुडवू नका, कण केसांच्या मुळाशी शिरतात आणि टोक कायमचं फुटतं. हा द्रव ठिगळांसारखा लावायचा, सलग फासायचा नाही. उंदराच्या चेहऱ्याजवळच्या शिरस्त्राणावर तर अगदी थोडा, कारण तिथले बारकावे तो बुजवतो. वाळल्यावर रायझा रस्टचा ड्रायब्रश, तोही फक्त त्या खरबरीत ठिगळांवर. हा रंग डबीतच लोण्यासारखा घट्ट असतो, पाणी घालू नये. पुठ्ठ्यावर पुसून पुसून ब्रशवर काही उरलं नाही असं वाटेल तेव्हा तो योग्य झाला. गुळगुळीत लेडबेल्चरवर फिरवला तर मात्र नुसती नारिंगी भुकटी बसल्यासारखं दिसतं, कारण त्याला धरायला खडबडीतपणा लागतो.

सरदारासाठी किंवा मोठ्या मॉडेलसाठी दोन्ही पद्धती एकत्र करा: खोलगट भागात टायफस करोजन, सपाट भागात स्पंज आणि पातळ छटा.

पितळ आणि कासं गंजत नाही

हे वाक्य मी मुद्दाम मथळ्यात घातलं आहे. स्क्रायरच्या यंत्रांवर नळ्या, नोजल, तबकड्या तांब्या-पितळेच्या असतात आणि त्यांच्यावर नारिंगी गंज दिसला की सगळं गणित बिघडतं. नारिंगी गंज फक्त लोखंडाचा. तांबं, पितळ, कासं यांवर हिरवट निळा कळंक चढतो, कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं तोच. आणि तो कुठे बसतो हे कित्येक दिवस न घासलेली समई सांगते: नक्षीच्या खाचांत मोरचुदी हिरवा, हात लागतो त्या दांड्यावर पिवळाधमक, बाकी सगळं काळपट तांबूस.

कास्टेलॅक्स ब्रॉन्झ किंवा वॉर्पलॉक ब्रॉन्झ खाली, त्यावर ॲग्रॅक्स, उंचवट्यांना बॅल्थाझर गोल्ड, आणि खाचांत निहिलाख ऑक्साइड हा कळंकाचा रंग. निहिलाख ऑक्साइड ओला असताना कमी वाटतो, वाळल्यावर एकदम दुधट होऊन पुढे येतो. म्हणून पहिल्यांदा लावताना वाटतं त्याच्या निम्माच लावा आणि उंचवट्यावरचा लगेच ओल्या बोटाने पुसून घ्या. तो मिळाला नाही तर फिरोजी, पांढरा आणि थोडा हिरवा मिसळून एका भागाला सहा भाग मिडियम-पाणी घाला, फारसा फरक पडत नाही.

स्क्रीमिंग बेल, म्हणजे चौकटीत टांगलेल्या घंटेचा गाडा, हे या बाबतीत सर्वांत सुंदर मॉडेल. घंटा काशाची म्हणून तिच्यावर कळंक, साखळ्या आणि बोल्ट लोखंडी म्हणून त्यांच्यावर गंज, चौकट लाकडी. जिथे लोखंडी बोल्ट काशात घुसतो तिथे पाणी साचलं की लोखंड नेहमीपेक्षा लवकर गंजतं, दोन धातूंच्या स्पर्शामुळे तसं होतं. त्या जागी बोल्टमधून निघालेला एक नारिंगी ओघळ हिरव्या कळंकावरून खाली आणा. एवढ्या एका ओघळाने घंटा खरी वाटायला लागते. घंटेच्या आत काळा ठेवा, कळंकाचे दोन पुसट उभे पट्टे पुरेत.

ओघळ काढताना: गडद तपकिरी पातळ करून बारीक रेघ, लगेच स्वच्छ ओलसर ब्रशने दोन्ही कडा पुसट करा आणि खालचं टोक निमुळतं होऊ द्या. वरच्या टोकाला जाड, खाली विरत जाणारा. वरून खालपर्यंत एकाच जाडीचा ओघळ म्हणजे नुसती रेघ.

मळाचे प्रकार

गंज सोडून उरलेली घाण एकाच बाटलीतून काढू नका. चिखल खालून वर येतो: पाय, शेपटीचं टोक, झग्याची किनार. तो मॅट असतो आणि त्याचा रंग बेसवरच्या, म्हणजे मॉडेल ज्या चकतीवर उभं असतं तिच्यावरच्या, मातीचाच असला पाहिजे. बेसवर करडी दगडी फरशी आणि झग्यावर लाल चिखल असं असेल तर मॉडेल दुसऱ्याच गावाहून आल्यासारखं दिसतं. सोपा उपाय म्हणजे बेसचा रंग ज्या डबीतला, त्याच डबीत स्पंज बुडवून किनार टिपायची. बेसचा रंगही गंजापासून लांब हवा, थंड करडा दगड किंवा फिकट धूळ. २५ मिलिमीटरच्या बेसवर तपकिरी माती टाकली की पायांची आणि शेपटीची रेषा हरवते.

ओशटपणा हातांना, मुठींना, यंत्राच्या सांध्यांना. तो गडद आणि चकचकीत. काळ्यात थोडा तपकिरी आणि ग्लॉस वॉर्निश, सगळं मॅट झाल्यावर अगदी शेवटी. काजळी वॉर्पफायर थ्रोअर, रॅटलिंग गन, जेझेल या हत्यारांच्या तोंडाशी. ती मॅट काळी, कोळशाची बारीक पूड कोरड्या ब्रशने घासली तरी छान बसते. मॅट आणि चकचकीत यांचा हा फरक रंगाइतकाच काम करतो, आणि तो फोटोत कमी, हातात घेतल्यावर जास्त कळतो.

आपल्याकडे मिळणारं सामान

गेरू. गंजासाठी याहून चांगला आणि स्वस्त रंग मिळणं कठीण, कारण गेरूचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचाच असतो. खडे कुटून पूड करा आणि मलमलच्या कापडातून दोनदा गाळा, रवाळ राहिला तर २८ मिलिमीटरच्या मापात तो वाळूसारखा दिसतो. सोबत थोडी पिवडी घेतली तर ताज्या गंजाची पिवळट छटा मिळते. टायफस करोजनऐवजी घरचं मिश्रण असं: बर्न्ट अंबर ॲक्रिलिक चार भाग, काळा एक भाग, गाळलेला गेरू एक भाग, मॅट मिडियम तीन भाग. विद्यार्थ्यांसाठीचे ॲक्रिलिक रंग चेहऱ्यासाठी जाड पडतात, पण गंजासाठी तोच जाडेपणा उपयोगी येतो.

खरबरीतपणासाठी खायचा सोडा मिसळायचा सल्ला खूप ठिकाणी वाचायला मिळतो. तो टाळा. दमट हवेत सोडा ओल धरतो आणि काही महिन्यांनी पांढरी भुकटी किंवा पिवळट डाग वर येतात. त्याजागी टाल्कम पावडर किंवा गाळलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस चिमूटभर. रांगोळी फार भरड असते, तिचा उपयोग बेसवर.

कोरडा गेरू ब्रशने घासून लावला तर पोत अप्रतिम येतो, पण खेळताना बोटांना लागतो. तो पक्का करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सॅनिटायझर वापरू नका, ते खालचा ॲक्रिलिक रंग उचलतं. मिनरल टर्पेंटाइनचा थेंब पुडीच्या कडेला टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो. ओला असताना रंग खूप गडद दिसेल, घाबरून आणखी पूड टाकू नका, वाळल्यावर उजळतो.

तेलरंगाचा वॉश मोठ्या मॉडेलसाठी, म्हणजे डूमव्हील किंवा वॉर्प लायटनिंग कॅनन यांसाठी, फार चांगला. बर्न्ट अंबर आणि थोडा काळा तेलरंग पुठ्ठ्यावर अर्धा तास काढून ठेवा, जास्तीचं जवसाचं तेल पुठ्ठा शोषतो आणि रंग मॅट वाळतो. मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या कोऱ्या पाण्याइतका पातळ करा. मॉडेलवर आधी ग्लॉस वॉर्निश हवंच आणि ते एक दिवस वाळलेलं हवं. वॉश खाचांत सोडा, अर्ध्या-पाऊण तासाने कापसाची काडी जेमतेम ओली करून वरून खाली पुसा. चुकलं तर सगळं पुसून पुन्हा करता येतं, ॲक्रिलिक वॉशमध्ये ही सोय नाही. खिडकी उघडी ठेवा.

इथे एक धोका आहे. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "थिनर द्या" म्हटलं तर बऱ्याचदा एनसी थिनर हातात पडतो. तो ॲक्रिलिक रंग तर विरघळवतोच, खालचं पॉलिस्टायरीन प्लास्टिकही मऊ करून चेहरे वितळवतो. डब्यावर मिनरल टर्पेंटाइन लिहिलेलं बघूनच घ्या आणि मोकळ्या सांगाड्याच्या तुकड्यावर, म्हणजे स्प्रूवर, आधी थेंब टाकून पाहा.

पाऊस, प्रायमर, वॉर्निश

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर स्प्रेच्या डब्यावर भरवसा ठेवू नये. हवेत ओल जास्त असली की मॅट वॉर्निश पांढुरकं वाळतं आणि गडद गंजावर तर धुकं बसल्यासारखं दिसतं. प्रायमरही, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, रवाळ पडतो. पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडलं आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या खाली आली तर स्प्रे करा, वीस ते तीस सेंटिमीटरवरून, थांबत थांबत झटके देत. नाहीतर ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, दोन पातळ थर, मधे रात्रभर वाळू द्या. वर पांढुरकेपणा आलाच तर त्यावर ब्रशने ग्लॉस वॉर्निशचा एक थर द्या, बहुतेक वेळा धुकं जातं. मग वाळल्यावर ब्रशनेच मॅट.

या सैन्यासाठी प्रायमर काळा घेतला तर वरून पंचेचाळीस अंशांतून करड्याचा फवारा मारा, म्हणजे फिकट कातडीला आणि कापडाला कमी थर लागतील. तपकिरी प्रायमर सोयीचा वाटतो खरा, पण ज्या ज्या जागा तपकिरीपासून लांब न्यायच्या आहेत तिथे तो प्रत्येक फटीतून डोकावत राहतो.

मॅट वॉर्निशची बाटली चांगली मिनिटभर हलवा. मॅटपणा देणारे कण तळाशी बसलेले असतात. ते न मिसळता वापरलं तर सुरुवातीचे थर चकचकीत येतात आणि बाटलीच्या शेवटाला पांढरे ठिपके. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या, भाल्यांची टोकं आणि शेपट्या यांना तिसरा, कारण मॉडेल उचलताना हात तिथेच लागतो.

मॅट वॉर्निश धातूची चमकही खातं. म्हणून शस्त्रांच्या धारेची स्टॉर्महोस्ट सिल्व्हरची रेघ वॉर्निश वाळल्यानंतर काढा. ब्रशचं टोक धारेला जवळजवळ आडवं टेकवून ओढलं की रेघ आपोआप बारीक येते. धार सलग नको, दोन-तीन जागी तुटू द्या, तिथे पातं खचलेलं आहे असं वाटतं. वॉर्पस्टोनच्या खड्याला आणि डोळ्याला ग्लॉसचा एकेक थेंब, ओशट मुठींना तोच. वीस उंदरांना हे सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे, आणि टेबलापलीकडून शस्त्र शस्त्रासारखं दिसतं ते या रेघेमुळे.